सोन्यात तांबं नेमकं बसतं कुठे?

गेल्या अंकात मी 'हीण' या शब्दावर लिहिलं होतं. शुद्ध सोन्यात जे तांबं किंवा चांदी घालतात त्याला सराफी भाषेत हीण म्हणतात, आणि त्यावरूनच हिणकस हा शब्द आला. त्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं की प्रमाण सांगून घातलेलं हीण ही भेसळ नाही. साखर दुधात विरघळावी तसं ते सोन्यात विरघळलेलं असतं, आणि ते आहे म्हणूनच आपले दागिने अंगावर टिकतात. त्यावर बरीच पत्रं आली. जी मला स्वतःला विचार करायला लावून गेली, ती आज घेतो.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. आमचं गाव विट्याजवळ. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली, त्यात माझे वडीलही होते. अण्णांचं दुकान कोइम्बतूरला होतं. मी पुढे पुण्यात धातुशास्त्र शिकलो आणि कोल्हापुरात सोन्याचा टंच काढण्याच्या, म्हणजे सोनं किती शुद्ध आहे ते तपासण्याच्या, कामात वर्षं घालवली. त्यामुळे माझ्या उत्तरांत मूसही येते आणि पुस्तकही.

प्रश्न : आमच्या पुस्तकात आहे की ज्या घटकाचं प्रमाण जास्त तो द्रावक आणि कमी तो द्राव्य. मिश्रधातू हे स्थायू द्रावण असतं असंही लिहिलंय. मग १८ कॅरटच्या रोज गोल्डमध्ये (तांबूस सोन्यात) सोनं द्रावक आणि तांबं द्राव्य, बरोबर ना? सर म्हणाले, 'हो, यात विचारण्यासारखं काय आहे?' — अकरावीतला विद्यार्थी, लातूर

तुझ्या प्रश्नात विचारण्यासारखं खूप आहे. आधी वही काढ आणि हिशेब कर.

१८ कॅरट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं. समज, शंभर ग्रॅमची लगड आहे: ७५ ग्रॅम सोनं, २५ ग्रॅम तांबं. वजनात सोनं तिप्पट आहे. पण द्रावणात कोण कुणाच्या शेजारी बसलंय हे वजनावर ठरत नाही, अणूंच्या संख्येवर ठरतं. सोन्याचा अणुभार १९७, तांब्याचा ६३.५. ७५ ला १९७ ने भाग, ०.३८ येतील. २५ ला ६३.५ ने भाग, ०.३९ येतील. म्हणजे त्या लगडीत तांब्याचे अणू सोन्यापेक्षा किंचित जास्तच आहेत! १४ कॅरटचा लाल दागिना घेतलास आणि त्यातलं सगळं हीण तांबंच धरलंस, तर शंभरातले एकोणसत्तर अणू तांब्याचे निघतात. आपल्या ओळखीचं २२ कॅरट, म्हणजे ९१६ सुद्धा, फक्त तांबं घालून केलं तर शंभर अणूंत बावीस तांब्याचे असतात. 'आठ टक्के हीण' ऐकताना ते इतकं वाटत नाही.

मग द्रावक कोण? धातूंच्या बाबतीत मी हा प्रश्न जरा वेगळा विचारतो : मांडणी कुणाची राहिली? लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आण. पाटांच्या सरळ ओळी मांडल्यात, पाटांची जागा ठरलेली. सोन्याच्या स्फटिकात अणू असे ओळीने, थरावर थर रचून बसलेले असतात. तांबं विरघळतं म्हणजे ते सोन्याच्या फटीत शिरत नाही, आणि पाण्यातल्या गाळासारखं वेगळं लोंबकळतही नाही. ते सोन्याच्याच पाटावर बसतं. एक सोनं उठलं, त्या जागी एक तांबं बसलं. पंगत तीच.

हे जमायला अटी आहेत. ऑक्सफर्डचे विल्यम ह्यूम-रॉदरी यांनी त्या मांडल्या. विद्यार्थी असतानाच आजारपणात त्यांची ऐकण्याची शक्ती गेली होती, आणि तरी मिश्रधातूंचं शास्त्र पायावर उभं करणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. त्यांची सगळ्यांत कामाची अट अशी : दोन अणूंच्या आकारात साधारण १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर विरघळणं फार थोडं होतं. सोन्याच्या अणूची त्रिज्या ०.१४४ नॅनोमीटर, चांदीचीही जवळपास तेवढीच, तांब्याची ०.१२८. म्हणजे चांदी सोन्याच्या पाटावर अगदी मापात बसते, तांबं सुमारे ११ टक्के लहान पडतं पण बसतं. तिन्ही धातूंची मांडणीही एकाच प्रकारची आहे. म्हणून सोनं-चांदी कुठल्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात, आणि पुरेशा तापमानाला सोनं-तांबंही. इथे 'द्रावक कोण' याला एकच उत्तर नाही. शुद्ध सोन्यापासून शुद्ध तांब्यापर्यंत तू एकेक अणू बदलत जाऊ शकतोस, वाटेत कुठेही पंगत मोडत नाही. शाळेची व्याख्या मीठ-पाण्यासाठी केलेली आहे, तिथे ती चोख चालते. परीक्षेत तीच लिही. पण हा हिशेब सरांना जरूर दाखव.

आता हीण घातल्यावर दागिना कडक का होतो, हेही याच पंगतीत दिसतं. सोनं वाकतं तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. सगळे पाट सारख्या मापाचे असतील तर सरकणं सोपं. मध्येच बारकी माणसं बसली की ओळ जागोजागी आत ओढली जाते आणि सरकणाऱ्या थराला तिथे अडखळायला होतं. चांदी मापात बसते, म्हणून चांदी घालून सोनं फारसं कडक होत नाही. तांबं घातलं की होतं. तुझ्या आईची ठुशी शुद्ध सोन्याची केली असती तर तिचे मणी पहिल्याच लग्नसराईत चेपले असते.

एक गोष्ट राहिली. काही अणू खरंच फटीत बसतात. पॅलेडियम हा मौल्यवान धातू हायड्रोजन वायू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट शोषून घेतो. थॉमस ग्रॅहम यांनी १८६० च्या दशकात हे मोजलं. तो हायड्रोजन पाटावर बसत नाही, ओळींमधून फिरणाऱ्या वाढप्यांसारखा मधल्या जागेत राहतो. बारावीत तुला हे पुन्हा भेटेल.

प्रश्न : मी तीस वर्षं चांदीचं काम करतोय. ९२.५ ची तार तापवून पाण्यात टाकली की मऊ होते, भट्टीशेजारी सावकाश निवू दिली तर कडक राहते. लोहाराचं नेमकं उलट असतं. असं का? आणि शुद्ध चांदी ओतताना कधी कधी वर फोड येऊन ती उडते, ते कशाने? — एक कारागीर, हुपरी

दादा, हे तुम्ही हाताने ओळखलंय, ते फार मोठं आहे. मला ते पुस्तकातल्या आलेखावरून समजायला दोन वर्षं लागली होती.

९२.५ म्हणजे हजारात ९२५ चांदी आणि ७५ तांबं. सोनं-तांब्यासारखी चांदी-तांब्याची दोस्ती अमर्याद नाही. ७७९ अंश सेल्सिअसला चांदी वजनाच्या जास्तीत जास्त ८.८ टक्के तांबं स्वतःत विरघळवते. तापमान उतरलं की ही मर्यादा भराभर कमी होते, आणि खोलीच्या तापमानाला जवळजवळ काहीच उरत नाही. गरम पाकात पुष्कळ साखर मावते आणि तो थंड झाला की तळाशी कण बसतात, तसंच. तुम्ही लालसर तापलेली तार पाण्यात टाकता तेव्हा तांब्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते चांदीत विरघळलेलंच अडकून राहतं, तार मऊ राहते. सावकाश निवली तर तांब्याचे अतिशय बारीक कण चांदीच्या आतच वेगळे होतात आणि थरांच्या सरकण्याला खडे टाकल्यासारखे आडवे येतात.

लोखंडात अडकलेला पाहुणा वेगळा असतो. तिथे कार्बन फटीत बसलेला असतो, आणि पाणी दिल्यावर तो आत कोंडून लोखंडाची सगळी मांडणीच ताणतो, म्हणून ते कडक होतं. क्रिया एकच, पाणी देणं. पण आत विरघळलेलं कोण आणि ते कुठे बसलंय यावर फळ उलटं मिळतं.

याचा तुम्हाला कामात उपयोग आहे. नाजूक पैंजण घडवून, डाख (जोडायचा धातू) लावून, सगळं वाकवणं संपलं की तो पुन्हा चांगला तापवून पाण्यात टाका, आणि मग सुमारे ३०० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. डाखाला धक्का लागणार नाही एवढंच तापवायचं, ते तुम्हाला मी सांगायला नको. कण अगदी बारीक आणि दाट पडतात, आणि पैंजण तावलेल्यापेक्षा (नुसतं तापवून मऊ केलेल्यापेक्षा) पुष्कळ कडक होतो. आधी एखाद्या तुकड्यावर करून बघा.

सोन्याचं काम करणाऱ्या कारागिरांनी मात्र एक लक्षात ठेवावं. आत्ता ज्या लाल १८ कॅरटबद्दल लातूरच्या मुलाला सांगितलं, ते निवताना ४१० अंशांच्या खाली आलं की त्याचे अणू स्वतःहून जागा बदलतात. एक थर सोन्याचा, एक थर तांब्याचा, पुन्हा सोन्याचा, अशी शिस्तीत पंगत लागते. ती पंगत एका दिशेने थोडी आखूड असते. आतून ताण येतो, दागिना कठीण आणि ठिसूळ होतो, घडवताना तडकतो. म्हणून रोज गोल्डही तावल्यावर पाण्यात टाकतात. सवयीने २२ कॅरटसारखं हवेत निवू दिलं की घोटाळा होतो.

चांदी उडते ती ऑक्सिजनमुळे. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन हवेतून घेऊन विरघळवते. गोठताना तिला तो ठेवता येत नाही, सगळा एकदम बाहेर पडतो आणि वरची साय फोडून चांदी उडवतो. मुशीत वर लाकडी कोळशाचा थर ठेवा. कोळसा तो ऑक्सिजन खाऊन टाकतो. तांबं घातलेल्या चांदीत हे कमी दिसतं, कारण ऑक्सिजन तांब्याला जाऊन चिकटतो. पण मग त्याचेच राखाडी डाग पॉलिशखालून वर येतात. तो वेगळा त्रास.

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या बुगडीची काडी निखळली होती. मुलाने घरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरने ती चिकटवून दिली. दोन महिन्यांनी पुन्हा सुटली म्हणून सोनाराकडे नेली. त्याने ज्योत लावली आणि बुगडीला भोकं पडली, कडा बिस्किटासारख्या तुटल्या. तो म्हणतो तुमचं सोनंच खोटं. सासूबाई जेवल्या नाहीत दोन दिवस. सोनं खोटं असेल का? — एक वाचक, पंढरपूर

ताई, सासूबाईंना आधी सांगा, या लक्षणावरून सोनं खोटं म्हणता येत नाही. अगदी बावनकशी सोन्याचंही असंच झालं असतं.

सोल्डरमध्ये कथील असतं, आणि बऱ्याच सोल्डरमध्ये शिसंही. शिशाच्या अणूची त्रिज्या ०.१७५ नॅनोमीटर, म्हणजे सोन्यापेक्षा वीस टक्क्यांहून मोठी. ह्यूम-रॉदरींच्या अटीबाहेर. त्यामुळे गोठलेल्या सोन्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. उलट बाजूने बघितलं तर मात्र वितळलेलं शिसं आणि कथील सोन्याला झपाट्याने विरघळवतात. सोनाराची ज्योत लागली, सोल्डर वितळलं, त्याने भोवतालचं सोनं खाल्लं आणि भोकं पडली. निवताना सोनं स्फटिकांच्या रूपात गोठत गेलं, आणि ज्याला पाट मिळाला नाही ते शिसं-कथील स्फटिकांच्या सीमांवर ठिसूळ थर होऊन बसलं. विटा चांगल्या असाव्यात आणि मधला चुना भुसभुशीत असावा, तशी ती बुगडी झाली.

हे किती थोड्याने होतं ते मी स्वतः बघितलंय. बारावीच्या सुट्टीत मी दुकानात होतो. एका गिऱ्हाइकाचं चार तोळे मोडीचं सोनं अण्णांनी मला आटवायला दिलं. मी ज्या बशीतून ते मुशीत ओतलं, तीत आदल्या दिवशीच्या टंचाच्या कामातलं शिसं सांडलेलं होतं. मी बशी पुसली नव्हती. सवागी (टाकणखार) टाकली, सोनं आटलं, लगड पडली. पिवळीधमक, आरशासारखी. मी ती रोलरमधून काढली. पहिल्याच फेरीत दोन्ही कडांना चिरा गेल्या. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात ना, हुबेहूब तशा. अण्णांनी पट्टी हातात घेतली, कोपरा बोटांनी दाबला, तुकडा पडला. तुटलेल्या जागी चकाकी नव्हती, रवाळ, मळकट पृष्ठभाग होता. ते एवढंच म्हणाले, 'शिसं गेलंय.'

नंतर मी हिशेब केला. बशीतून गेलेलं शिसं मोहरीच्या दाण्याएवढं धरलं तर ते तीस-पस्तीस मिलिग्रॅम भरतं. चार तोळ्यांत ते हजारात एक भागही नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स हॅचेट यांनी सोन्याच्या नाण्यांसाठी प्रयोग करून १८०३ साली हेच दाखवलं होतं, की शिसं किंवा बिस्मथ अगदी नखभर असलं तरी सोन्याचा चिवटपणा जातो. तांबं शंभरात आठ भाग घातलं तर दागिना बळकट होतो, शिसं हजारात एक भाग गेलं तर तो मोडतो. हिणाच्या प्रमाणाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व हीण कोणतं आहे याला आहे.

अण्णांनी गिऱ्हाइकाला बोलावून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि सोनं स्वखर्चाने शुद्ध करून दिलं. तेव्हा जे बघितलं त्यानेच मी धातुशास्त्राकडे वळलो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. त्यांनी त्या सोन्यात तिप्पट चांदी घालून पुन्हा आटवलं. मला वाटलं, बिघडलेलं आणखी बिघडवतायत. मग तो पातळ रस पाण्यात ओतून दाणे पाडले आणि ते दाणे तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळले. तांबूस धूर निघाला. चांदी, तांबं, शिसं सगळं आम्लात गेलं. तळाशी चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी भुकटी उरली. ती धुऊन मुशीत टाकली, आणि झाकण काढलं तेव्हा आत पिवळं सोनं हलत होतं.

चांदी तिप्पट का? आम्ल सोन्याला शिवत नाही, ते फक्त चांदीचे अणू उचलतं. चांदी थोडी असेल तर तिचे अणू सोन्याच्या गर्दीत एकेकटे सापडलेले असतात, आम्लाला आतपर्यंत वाट नसते. चांदीचे अणू इतके हवेत की एकाला एक लागून बाहेरपासून गाभ्यापर्यंत त्यांची साखळी व्हावी. मग आम्ल त्या साखळीने आत शिरतं. २२ कॅरटच्या दागिन्यातली चांदी तेजाबाला सापडत नाही ती यामुळेच. विरघळलेल्या माणसाचं रक्षण शेजारी करतात, असं अण्णा म्हणायचे. आज आम्ही अणूंच्या भाषेत तेच सांगतो.

आणि ज्या शिशाने ती लगड बिघडवली, त्याच शिशावर टंचाचं काम चालतं. नमुना शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत, तापलेल्या भट्टीत ठेवतात. वितळलेलं शिसं सोनं, चांदी, तांबं सगळ्यांना विरघळवतं. हवेने शिशाचं ऑक्साइड होतं, ते तांब्याला बरोबर घेऊन वाटीत झिरपतं, आणि वर सोनं-चांदीचा स्वच्छ मणी राहतो. मग चांदी आम्लाने काढायची आणि उरलेलं सोनं तोलायचं. सोनं किती खरं, यावर अजूनही याच पद्धतीचा शब्द अखेरचा मानतात.

तुमच्या बुगडीचं असं करा. तिला आता कुणालाही ज्योत लावू देऊ नका. तुकडे, चुरा, सगळं एका कागदात बांधून गलाईवाल्याकडे न्या आणि 'यात सोल्डर गेलंय' हे आधी सांगा. तो समोर वजन करून सोनं वेगळं काढून देईल, त्यातूनच पुन्हा बुगडी घडवता येईल. मोती जपून ठेवा, नवीला तेच लावा. हे आम्लाचं काम घरी करायचा विचारही मनात आणू नका, तो धूर फुप्फुसं जाळतो. मुलाला रागावू नका. त्याच्या वयात मी याहून मोठा घोळ केला होता.

प्रश्न : आमच्या २००० च्या आसपासच्या बांगड्यांवर केडीएम असा शिक्का आहे. दुकानदार म्हणतो केडीएम चालत नाही. सोनं कमी कसाचं आहे का? — ठाणे

केडीएम हा कसाचा शिक्का नाही. डाख लावायला मूळ दागिन्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारं सोनं लागतं. पूर्वी त्यासाठी डाखात तांबं-चांदी जास्त घालत, त्यामुळे जोड जास्त असलेल्या दागिन्याला मोडीत घट यायची. पुढे कॅडमियम आलं. ते थोडंसं विरघळवलं तरी सोन्याचा वितळबिंदू पुरेसा उतरतो, म्हणून डाखही २२ कॅरटचा ठेवता येतो. कॅडमियमचाच अपभ्रंश केडीएम. पण ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे डाख लावतानाच त्याची वाफ होते, आणि ती वाफ कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. म्हणून ते सोडून आता जस्तासारखे दुसरे घटक वापरतात. बांगड्या अंगावर घालायला तुम्हाला त्याची भीती नाही. कस हवा असेल तर हॉलमार्क केंद्रात तपासून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क लागू असलेल्या दागिन्यांच्या विक्रीला सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा ओळखक्रमांक, लागतो. तुमच्या जुन्या बांगड्या घरात ठेवायला किंवा विकायला त्याची अडचण नाही.

प्रश्न : दवाखान्यात ब्लड प्रेशरच्या यंत्रातला पारा सांडला. गोळा करताना अंगठी पांढरी पडली. घासून जात नाही. गॅसवर धरू का? — परिचारिका, रत्नागिरी

नाही. कृपा करून नाही. पाऱ्याची वाफ रंगहीन, वासहीन आणि विषारी असते, आणि गॅसवर ती थेट तुमच्या नाकातोंडात जाईल.

अंगठीवर जे दिसतंय तो डाग नाही, पारा सोन्यात शिरलाय. म्हणून घासून जाणार नाही. अंगठी झाकणाच्या घट्ट बाटलीत ठेवा आणि धूर ओढून घेणारी बंदिस्त व्यवस्था असलेल्या शुद्धीकरणवाल्याकडेच द्या, पाऱ्याचं नाव सांगून. जास्त शिरला असेल तर अंगठी ठिसूळ झालेली असेल, तेव्हा ती दाबून बघू नका. सांडलेला पारा केरसुणीने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढू नका, त्याने तो बारीक होऊन पसरतो. खिडक्या उघडून, हातमोजे घालून, जाड कागदाने थेंब एकत्र करून बाटलीत भरा. आणि पुढच्या वेळी सगळ्यांत आधी हातातलं सोनं काढा.

प्रश्न : माझं वय ८१. पत्नीच्या पाटल्या चांदीच्या डबीत पन्नास वर्षं आहेत. तुमचा लेख वाचून शंका आली, सोनं चांदीत विरघळतं म्हणता, मग या पन्नास वर्षांत थोडं तरी गेलं असेल का? — इंदूर

आजोबा, हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलो. याच प्रश्नावर लंडनच्या टांकसाळीतल्या एका माणसाने चार वर्षं वाट बघितली होती.

त्यांचं नाव विल्यम चँडलर रॉबर्ट्स-ऑस्टिन. पोलादातल्या अणूंच्या एका मांडणीला, ऑस्टेनाइटला, त्यांचंच नाव आहे. शिशाच्या दांड्याखाली सोन्याची चकती घट्ट बसवायची, आणि न वितळवता तसंच ठेवायचं. मग शिशाचे काप करून प्रत्येक कापातलं सोनं टंच काढायच्या रीतीनेच तोलायचं. तापवलेल्या शिशात सोनं वर चढलेलं सापडलं, हे त्यांनी १८९६ मध्ये मांडलं. पुढे खोलीच्या तापमानाला चार वर्षं ठेवलेल्या जोडीतही, अगदी थोडं का होईना, सोनं शिशात गेलेलं निघालं. घन धातू घन धातूत, आवाज न करता, विरघळत होता.

पण तुमच्या डबीत तसं होणार नाही. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, त्यामुळे आपल्या खोलीचं तापमानही त्याच्या अणूंना हालचाल करायला पुरतं. चांदी ९६२ ला आणि सोनं १०६४ ला वितळतं. त्यांचे अणू खोलीच्या तापमानाला आपापल्या पाटावरून उठतच नाहीत म्हटलं तरी चालेल. शिवाय ती जोडी करकचून दाबलेली होती, तुमच्या पाटल्या डबीला दोन-चार ठिकाणीच टेकतात. पन्नास काय, पाचशे वर्षांतही तुमच्या तराजूला कळेल एवढं काही जाणार नाही.

डबी उघडल्यावर पाटल्यांवर काळपट छटा दिसली तर तो चांदीवरचा काळा थर घासून लागलेला असेल, मऊ कपड्याने निघेल. आणि चरे मात्र पडू शकतात. डबीत जुन्या मऊ धोतराचा धुवट तुकडा घाला आणि प्रत्येक पाटली वेगळी गुंडाळून ठेवा.